पोटात लागणारा बेस

राजारामपुरीत मी बेस गिटारच्या तारा आणायला गेलो होतो, दुसरं काही काम नव्हतं. दुकानदारानं माझ्या उजव्या बाहीकडं पाहिलं. ती मनगटापाशी गाठ मारून बांधलेली होती. मग त्यानं तारांच्या पुडीकडं पाहिलं, आणि एका हातानं वाजवणार कसं, हे गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून विचारलं नाही. शहाणा माणूस.

तुम्हीही तेच विचारणार, म्हणून आधीच सांगतो. मी प्रसेनजीत. हिवाळ्यात राधानगरी रोडच्या एका गुऱ्हाळावर चरकात ऊस घालायचो, आणि जयंतीच्या दिवसांत नागसेनदादांच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. दोन हजार चारच्या हंगामात, घाणा सुरू झाला त्याच दिवशी, उसाबरोबर माझा उजवा पंजा चरकात गेला. दुखलेलं आठवत नाही. आवाज आठवतो, आणि तो ओल्या उसासारखाच होता.

नागसेनदादा दवाखान्यात आले होते. म्हणाले, जयंतीपर्यंत जागा तुझीच, पण वाजवलंस तरच. नाहीतर आजऱ्याचा एक पोरगा तयार आहे. त्यांनी ते मायेनंच सांगितलं, पण मला झोप आली नाही. बेस गेला असता तर मी नुसता थोटा उरलो असतो, घाण्यामागं टाकलेल्या चिपाडासारखा. ती जागा मला काहीही करून हवी होती.

एका हातानं बेस वाजतो, शिकलं तर. एरवी डावा हात तार दाबतो आणि उजवा छेडतो. माझ्याकडं छेडणारा उरला नव्हता. म्हणून डावं बोट तारेवर जोरात आपटायचं, उचलताना टोकानं तार ओढून सोडायची, आणि तो सूर मरायच्या आत दुसरं बोट आपटायचं. मोकळ्या तारा घुमू नयेत म्हणून माझ्या पोरीचा, संघप्रियाचा, केसांचा रबर गिटारच्या मानेवर चढवला. रोज दुपारी करंगळी सुजेपर्यंत घासायचो. आवाज यायचा तो मेंगळट, भिजलेल्या ढोलकीसारखा.

मग एके दुपारी आवाज सुधारला. भरीव, गोल... चक्क छेडलेल्या तारेचा. मी खूश झालो, आणि गिटार पुसायला फडकं घेतलं. तारांच्या खालच्या टोकाला, जिथं उजवा हात असायचा तिथं, फडकं चिकटून बसलं. तपकिरी चिकटा होता. त्यात बारीक काळे केस, आणि नखाची एक कोर. वास करपलेल्या गोडाचा. मुंग्यांची रांग भिंतीवरून गिटारवर चढत होती. मला किळस लवकर येते. चहात माशी पडली तर मी कपसुद्धा टाकून देतो. मी तारा राखेनं घासल्या, मग राजारामपुरीतून आणलेल्या नव्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण तालमीत तो आवाज ऐकून नागसेनदादांनी डोळे मिटून मान डोलावली. मी किळस गिळली आणि वाजवत राहिलो.

एका संध्याकाळी लोडशेडिंग झालं. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. माझी बायको मनाली कंदील लावत होती. माझं बोट सवयीनं तारेवर आपटलं... आणि सूर आला. तेवढाच मोठा. अॅम्प्लिफायरमधून नव्हे, माझ्या पोटातून. बेंबीच्या मागं कुणीतरी दोन बोटांनी आतडं ओढून सोडलं होतं.

मनालीनं कंदील खाली ठेवला. तिनंही पोट धरलं होतं.

"वाजवू नगासा," ती हळूच म्हणाली. "मलाबी हुतंय... पोरीलाबी. आत बोटं फिरत्यात."

आम्ही तिघांनी मिळून असं काय खाल्लं होतं, ते तिलाच आधी आठवलं. काकवी. गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मालक हंबीररावांनी दवाखान्यात काकवीचा डबा पाठवला होता, रक्त भरून येईल म्हणून. आम्ही तिघांनी ती भाकरीबरोबर खाल्ली, उरलेली मी डाव्या बोटानं चाटली. गोड होती, किंचित खारट. वाटलं, डब्याला मीठ लागलं असेल.

"कुठल्या दिवसाची हुती?" मी विचारलं.

"त्याच की..." मनाली म्हणाली. "गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं सांगितलं, रसावरच्या मळीसंगं तुमच्या हाताचं सगळं वर आलं, काढून टाकलं. उकळल्यावर काय ऱ्हातंय, म्हणला."

मी मोरीत जाऊन ओकलो. नुसतं पाणी पडलं, तरी त्याला मुंग्या लागल्या.

वाजवू नये हे मला कळत होतं. पण आजऱ्याच्या पोरानं ऑर्केस्ट्राचा कोट शिवायला टाकला होता, आणि जयंतीचा कार्यक्रम त्याच गुऱ्हाळाच्या गावात होता. मनालीला आणि पोरीला घरी ठेवून मी एकटाच गेलो. पुढच्या रांगेत हंबीरराव फेटा बांधून बसले होते, मागं सगळा गाव. घाणा सुरू झाला त्या दिवशी गरम गूळ खायला सगळा गाव गुऱ्हाळावर आला होता, हे मला स्टेजवर चढल्यावर आठवलं.

मी पहिला सूर आपटला. हंबीररावांचा हात पोटावर गेला. मग शेजारच्याचा, मग त्यामागच्या बाईचा. बेस पोटात लागतो म्हणतात, तसं लोक कौतुकानं एकमेकांकडं बघून हसत होते. अर्ध्या गाण्यात लाईट गेली. ढोलकीवाला थांबला, गाणारी थांबली. मी बोटं तारांवरून उचलली आणि हात मांडीवर ठेवला.

बेस चालूच होता. समोरच्या अंधारातून येत होता, पुढून, मागून, पोरं बसली होती तिथून. वाजवायची ढब मी ओळखली. अशी ठाशीव छेड फक्त माझ्या उजव्या हाताची. करपलेल्या गोडाचा वास स्टेजपर्यंत आला. हसायचं सगळ्यांनी थांबवलं होतं.

नागसेनदादा चाचपडत माझ्याजवळ आले, कानाशी वाकले.

"जागा तुझीच रं," ते म्हणाले. अंधारात त्यांना माझा हात दिसत नव्हता. "आता थांबू नगंस."

माझा हात मांडीवरच होता.