पुढं गर्दी राहती

खरं प्रेम जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, पैसा पाहत नाही. उमाशंकर मात्र लातूरच्या बाजारातली गंजगोलाई जवळ आली की गाडीच्या आरशात पाहत असे. मग अलीकडच्या रसवंतीपाशी ब्रेक दाबून म्हणत असे, "उतर आता. पुढं गर्दी राहती."

मागच्या सीटवरून बुद्धप्रिया उतरे, ओढणी झटके आणि चालू लागे. गोलाईत उमाशंकरच्या अप्पांचं, म्हणजे रेवणप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मागं स्टीलच्या डब्यांची रास आणि नजर रस्त्यावर. तो लिंगायत, ती बौद्ध. हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. लातुरात ते सांगावं लागत नाही, आडनावावर भागतं.

दोघंही पत्रकारितेच्या एम. ए.ला होते. ओळख झाली ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये. तिची स्कूटी सुरू होईना, आणि 'मला गाडीतलं सगळं कळतं' असं तो म्हणाला. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं होतं, "काय करून राहिलास?"

"बघून राहिलो."

"मग स्कूटीकडं बघ की."

कान तापले त्याचे. पेट्रोल संपलंय हे नंतर वॉचमननं सांगितलं. त्यानंतर तिची स्कूटी कायमचीच नादुरुस्त राहिली, असं ती म्हणे. त्यानं खोदून विचारलं नाही. कधीकधी वळणावर तिचा हात त्याच्या खांद्यावर येई आणि वळण संपलं तरी तिथंच विसरे… रसवंतीपर्यंत.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरांनी वर्गाला नाटक दाखवायला नांदेडला नेलं.

नाटकात लेखकानं रचलेलं एकही वाक्य नव्हतं. एका गावात सुगत नावाच्या बौद्ध पोराला भर चौकात मारून टाकलेलं होतं. एसटी आली नाही, म्हणून त्यानं वर्गातल्या एका मुलीला गाडीवर बसवून परीक्षेला नेलं. मुलगी पाटलांची होती. गुन्हा एवढाच. नाटकवाले त्या गावात जाऊन राहिले, लोक बोलले ते रेकॉर्ड केलं आणि तेच शब्द, खाकरण्यासकट, ते रंगमंचावर बोलत होते.

एक नट दुकानदार झाला. "मी? मी दुकानातच होतो. आरडाओरड झाली, हाव. पण जेवायची वेळ झालती. शटर ओढलं. रोजच ओढतो."

मग सुगत आला. त्यानं मित्राला पाठवलेला शेवटचा निरोप तेवढा शिल्लक होता. "पेपर सोपा गेला म्हणे तिला. पेढे मागितले तर हसली नुसती. लई गोड हसती यार…"

सुगतचं काम करणाऱ्या नटाचं नाव आदर्श. केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या अर्धापूरकडचा होता. खांदे रुंद, आवाज खर्जातला, आणि डोळे आधीच कुणीतरी मारून टाकल्यासारखे. अंधारात बुद्धप्रिया हुंदका दाबत होती. उमाशंकरनं खिशातला रुमाल काढला. तिनं तो घेतला, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. ती स्टेजकडंच पाहत होती.

उमाशंकरला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण माणसाला एका वेळी दोन गोष्टी वाटू शकतात, आणि त्यातली दुसरी सांगण्यासारखी नसते.

प्रयोग संपल्यावर ती सरळ आदर्शकडं गेली. काहीतरी बोलली. तो मान वाकवून ऐकत होता. मग तिनं डोळे पुसले… उमाशंकरच्या रुमालानं! तेवढ्यात एक मुलगी मोबाईल पुढं धरून उमाशंकरसमोर उभी राहिली. "प्रेक्षकांची प्रतिक्रिया घेतोय. नाव येणार नाही, पण शब्द पुढच्या प्रयोगात वापरू. चालेल ना?"

"हाव, हाव," उमाशंकर तिच्या डोक्यावरून पलीकडं पाहत म्हणाला. आणि बोलला. काय बोलला, हे त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नसावं.

परतीच्या बसमध्ये बुद्धप्रिया खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"काय बोललीस त्याला?"

"कुणाला?"

"त्या… केळीवाल्याला."

तिनं वळून पाहिलं. "म्हणलं, सुगतचा आवाज कानातून जाईना. त्यात हसायचं काय हाय?"

"मी हसलो न्हाई. माणूस आवाज लावतो म्हणजे झालं, एवढंच म्हणतो."

"तू जळून राहिलास का, उमा?"

"मी? नटावर?"

"नटावर न्हाई," ती हळूच म्हणाली. "त्या मेलेल्या पोरावर."

त्यानंतर लातूर येईपर्यंत उमाशंकर बाहेरची शेतं बघत होता. सरांना द्यायच्या लेखी प्रतिक्रियेत त्यानं 'हृदयद्रावक' असं लिहिलं. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं होतं. बुद्धप्रियानं लिहिलं, 'मला मारणाऱ्यांची भीती वाटत नाही, दुकानदाराची वाटते.' सरांनी तिला चांगले गुण दिले आणि वाक्य कळलं नाही, असं समासात नोंदवलं.

पंधरवड्यानं नाटक लातूरला आलं. सकाळचा प्रयोग होता. उमाशंकर तिच्या शेजारीच बसला, आणि आज दोन रुमाल घेऊन आला होता.

दुकानदार झाला, सुगत झाला. मग आदर्शनं सुगतचा शर्ट काढला, चौकड्यांचा शर्ट चढवला आणि प्रेक्षकांकडं पाहत म्हणाला, "नांदेडच्या प्रयोगाला आलेला एक विद्यार्थी."

मग त्यानं नाक ओढलं. उमाशंकर ओढतो तसंच.

"नाटक… बरंय. म्हणजे लाईट चांगली होती. ते मेलेलं पोरगं लई देखणं दाखवलंय. इतकं दाखवायची गरज नव्हती. माझ्या शेजारची रडली. माझ्यासाठी एकदा बी रडली न्हाई ती. माझाच रुमाल घेऊन रडली."

सभागृह हसलं. उमाशंकर खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकला.

"आवडती मला, हाव. लई आवडती. पण असं कुणी मेल्याशिवाय… जाऊ द्या. मी बी सोडतो की तिला गाडीवर. रोज सोडतो. घरापर्यंत… म्हणजे आमच्या दुकानाच्या अलीकडं. पुढं गर्दी राहती."

आता कुणी हसलं नाही. आदर्शनं ते वाक्य दुकानदाराच्याच जागेवर उभं राहून म्हटलं होतं. 'शटर ओढलं, रोजच ओढतो' म्हणणारा नट त्याच्या बाजूला तसाच उभा होता.

आयुष्यातली पहिली प्रेमाची कबुली, आणि ती दुसऱ्यानं दिली. वर चांगली दिली. उमाशंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी त्यातल्या त्यात त्याला जळायला सवड सापडलीच. 'लई आवडती' म्हणताना तो हरामखोर किती छान थांबला होता!

बाहेर पार्किंगमध्ये बुद्धप्रिया त्याच्या गाडीला टेकून उभी होती.

"ते मी न्हाई," उमाशंकर म्हणाला.

"बरं."

"नाक सगळेच ओढतात."

"ओढतात की." ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि गेलं. "तुझ्यासाठी रडायला पाहिजे व्हय मी?"

"म्हणजे… अगदी न्हाई रडलीस तरी…"

"रसवंतीपासून घरापर्यंत रोज चालत जाते मी. तुझ्या अप्पाच्या दुकानापुढून. त्या रस्त्यात काय करत असन, विचारलास कधी?"

पहिल्यांदाच त्याला कुणाचाही हेवा वाटत नव्हता.

"रुमाल दिऊ?" त्यानं कसंबसं विचारलं.

"नको. सुगतनं एका पोरीला गाडीवर बसवलं, तो मेला. तू मरू नको, उमा. मला मेलेला नको. नुसती दुकानापुढून गाडी ने." ती थांबली. "न्हाईतर माझी स्कूटी चांगली हाय. कधीच बिघडली नव्हती."

त्यानं किक मारली. तिचा हात खांद्यावर आला, वळण नसताना.

रसवंती आली. बोटं सवयीनं ब्रेकवर गेली… आणि सुटली. मागून एक लांब श्वास त्याच्या मानेला लागला.

"उमा."

"काय?"

"मला बी आवडतोस तू. लई. हे कुणी नटानं सांगितलेलं न्हाई, ध्यानात ठेव."

गोलाई आली. गर्दी नव्हती. दुपारची वेळ, दोन हातगाडे आणि सावलीला एक गाय. इतक्या दिवसांत इथं नेमकी कसली गर्दी असते, हे उमाशंकरनं आज पहिल्यांदा पाहिलं. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. नजर रस्त्यावर. नजरानजर झाली. जोरात पुढं काढता आली असती गाडी, पण त्यानं ती दुकानासमोर थांबवली.

"अप्पा, ही बुद्धप्रिया. माझ्या… माझ्या वर्गात हाय. मी हिला रोज सोडणार हाय. घरापर्यंत."

रेवणप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग पोराकडं. मग पोराच्या खांद्यावरच्या हाताकडं. हात हलला नाही.

"बरं," रेवणप्पा म्हणाले. कोपऱ्यातली आकडी त्यांनी उचलली, वर अडकवली आणि शटर खाली ओढलं.

जेवायची वेळ झाली होती. दुकान रोजच या वेळी बंद होतं.