एकाच पेटीतल्या दोन बाटल्या

औषधवालीने पिशवीतून काचेच्या दोन लहान बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"दोन्ही मीच विकल्यात," ती म्हणाली. "दोन्ही एकाच पेटीतल्या. एकीने माणूस धडधाकट आहे, दुसरीने माणूस हॉस्पिटलात गेला. आणि एक म्हातारी तर मेली."

"बसा आधी," बाई म्हणाल्या.

कंडक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले. जन्म बसमध्ये उभ्याने गेला, त्यामुळे आता बसलं की पाय अवघडत. नोकरी संपली, पाठोपाठ बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. मग ते खालच्या मजल्यावरच्या या खाजगी तपासनीसबाईंच्या मागे मागे कधी फिरू लागले, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पगार वगैरे काही ठरलेला नव्हता. सकाळी दाढी करून कुठेतरी जायचं असतं, एवढ्यावर ते खूश होते.

औषधवाली तिशीची होती. बोलताना ओढणीचं टोक पिळत होती. वस्तीतल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेलं औषधांचं दुकान ती चालवत असे. नफा घ्यायचा नाही, माल थेट कारखान्यातून आणायचा, असा तिथला नियम. त्यामुळे ज्यांना पूर्वी एक दिवसाआड औषध घ्यावं लागे, ते आता रोज घेऊ लागले होते.

"आणि आता सगळे म्हणतात, स्वस्त आहे म्हणजे नकलीच असणार. बाटलीत पाणी भरून विकते म्हणतात मी! संध्याकाळी सभा आहे. दुकानाला कुलूप लावतील."

"हॉस्पिटलात कोण होतं?"

"सायकलवाले काका. साखर एवढी वाढली की दुकानातच कोसळले. तिथल्या लोकांनी त्यांचं इन्शुलिन मागवून घेतलं, बघितलं, आणि बाद आहे म्हणून माझ्या हातात दिलं. ती ही बाटली. काका वाचले, परवाच घरी आले. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात रफूवाल्या आजी गेल्या. त्याही इन्शुलिनवरच होत्या."

बाईंनी पहिली बाटली तळहातांमध्ये धरून हळूहळू फिरवली. आतलं औषध दुधासारखं एकसारखं पांढरं झालं. मग दुसरी फिरवली. कितीही फिरवली तरी तिच्यात पांढरे कण तरंगतच राहिले. काही तर काचेला चिकटून बसले होते.

"नासलेल्या दुधासारखं दिसतंय," कंडक्टर म्हणाले.

चष्मा पुसून बाई उठल्या.

दुकान म्हणजे एक खोली. भिंतभर फळ्या, कोपऱ्यात जुना फ्रिज. फ्रिजमध्ये एक तापमापक टांगलेला होता. त्याला दोन काटे. एक आत्ताचं तापमान दाखवणारा, दुसरा आजवर पारा सगळ्यात खाली कुठपर्यंत गेला ते दाखवून तिथेच थांबणारा. कंडक्टरांनी वाकून पाहिलं. दुसरा काटा शून्याच्या बऱ्याच वर होता.

"याला हात लावता येतो का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मागे सील आहे. कारखान्याचा माणूसच उघडतो."

"या पेटीतलं औषध आणखी कोणी नेलं?"

"पुष्कळांनी. बेकरीवाला, शाळेतल्या बाई, त्यांची जाऊ. सगळे ठणठणीत आहेत."

"आणि ज्यांच्या घरी फ्रिज नाही?"

"त्यांना मी मातीचं भांडं देते. ओल्या वाळूत बाटली ठेवली की गार राहते. सुई कशी टोचायची तेही शिकवते. आजींना आणि काकांना पण देत होते. दोघंही म्हणाले, नको, आमची सोय आहे."

टेम्पोवाला नेमका माल उतरवत होता. कंडक्टरांचा पहिला संशय त्याच्यावरच.

"वाटेत पेटी उन्हात ठेवून जेवायला जात असशील!" ते गरजले. फुकट्या प्रवाशाला पकडल्यासारखा त्यांचा आवाज लागला.

"काका, पेटी सीलबंद येते. ताई माझ्यासमोर फोडतात," टेम्पोवाला म्हणाला. "आणि खराब झाली तर सगळी पेटीच खराब होईल ना? दोनच बाटल्या निवडून मी काय करू?"

कंडक्टरांनी मग त्याला पेटी उतरवायला हात दिला.

समोरच्या मोठ्या केमिस्टने मात्र आपला आनंद लपवला नाही. काचेच्या दारामागे गार हवेत बसून तो म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगतोय, नकली माल आहे. एवढ्या भावात खरं औषध परवडतं का कोणाला? बंद होऊ दे. माझी गेलेली गिऱ्हाइकं परत येतील."

"तुम्ही त्या दुकानात कधी गेलात?"

"मी? मी त्या पायरीवर पाय ठेवला तर वस्ती माझे पाय मोडेल."

बाहेर आल्यावर कंडक्टर म्हणाले, "हाच. डोळ्यांत बघा त्याच्या, नुसता हावरटपणा."

"हावरट आहे खरा," बाई म्हणाल्या. "पण हावरट माणूस एवढं उघड बोलत नाही. चला, आजींची खोली बघू."

रफूवाल्या आजींची खोली जिन्याखाली होती. एक खाट, एक शिवणयंत्र, खिडकीत वाळत घातलेला एकच पंचा. फ्रिज नव्हता. बाईंनी फडताळ पाहिलं, उशाखाली पाहिलं, कचऱ्याचा डबाही पाहिला. बाटली नव्हती, सुया नव्हत्या.

शेजारीण दारात उभी राहून बोलत होती. "कोणाचं येणं नाही, जाणं नाही. पण रोज सकाळी केस विंचरून, चांगलं पातळ नेसून बाहेर पडायच्या. मला वाटायचं फिरायला जातात. शेवटी शेवटी फार थकल्या होत्या. सारखं पाणी प्यायच्या. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलावू का? तर म्हणाल्या, नको, त्यांना कशाला त्रास. बरं वाटलं की मीच जाईन."

तिची नजर खाटेकडे गेली.

"दोन दिवस दार वाजलं नाही. मीही कामात होते. मग..."

कंडक्टर त्या पंचाकडे पाहत राहिले. आपल्या खोलीचं दार दोन दिवस वाजलं नाही, तर कोणाच्या लक्षात येईल, हे ते मनातल्या मनात मोजून पाहत होते. हिशोब फार लवकर संपला.

सायकलवाले काका दुकानात बसले होते, पण काम करत नव्हते. त्यांचे हात थरथरत होते.

"या हातांनी चाकाचा आरा बसवता येत नाही नीट, सुई काय टोचणार?" ते हसले. "मी त्या बाटलीला हातच लावत नाही. डॉक्टर देवमाणूस आहेत. स्वतःच्या हाताने टोचतात, एक पैसा घेत नाहीत. मध्ये मध्ये मी अगदीच गळून गेलो की वेगळी सुई द्यायचे. तासाभरात टवटवीत! मग दुपारपर्यंत गप्पा."

"कशाच्या गप्पा?"

"कशाच्याही. जुन्या सायकलींच्या. त्यांनाही लहानपणी सायकलचं वेड होतं."

डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून लांब बाकं होती. त्यांवर स्वच्छ धुतलेल्या चादरी पसरल्या होत्या, मासिकं नीट लावून ठेवली होती. माणूस मात्र एकही नव्हता. घंटा वाजताच डॉक्टर जवळजवळ धावतच बाहेर आले. पेशंट नाहीत हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण तरी त्यांनी दोघांना बसवूनच घेतलं.

"पाणी घ्या. थांबा, गार करून देतो." त्यांनी फ्रिजचा वरचा कप्पा उघडून बर्फाचे खडे पेल्यात टाकले. मग नको नको म्हणत असताना कंडक्टरांचं ब्लडप्रेशर तपासलं, छातीला नळी लावली, घरी कोण कोण असतं, मुलगी कुठे असते, सगळं विचारलं.

कंडक्टरांना फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत कोणी त्यांचा हात एवढा वेळ हातात धरला नव्हता.

"पूर्वी इथे उभं राहायला जागा नसायची," डॉक्टर म्हणाले. "आता लोक त्या औषधवालीकडेच जातात. ती साखर तपासते, सल्ला देते. चांगली आहे पोरगी. माझं काही म्हणणं नाही."

"सायकलवाल्या काकांच्या औषधात काहीतरी बिघाड झालाय," बाई म्हणाल्या.

"फ्रिज जुना आहे तिचा. गोठलं असेल त्यात. इन्शुलिन गोठलं की संपलं."

"आणि आजी?"

"वाईट झालं. दोन दिवस आली नाही. मी वाट पाहिली. वाटलं, कोणा नातेवाइकाकडे गेली असेल."

"त्यांना नातेवाईक होते?"

डॉक्टरांनी पेला पुसायला घेतला. "नाही," ते म्हणाले. बाई उठल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "निघालात? बसा ना अजून थोडं."

रस्त्यावर आल्यावर बाईंनी वळून एकदा दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कंडक्टर, सगळ्यांना निरोप द्या. औषधवाली, टेम्पोवाला, केमिस्ट, सायकलवाले काका. सभेच्या आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात जमायचं. मी पोलीस ठाण्यात जाऊन येते."

त्या संध्याकाळी दवाखान्याची बाकं भरली. डॉक्टर आनंदाने सगळ्यांना पाणी देत फिरत होते. बाईंनी बाटली वर धरली, तेव्हा ते जागच्या जागी थांबले.

"ही नकली नाही," बाई म्हणाल्या. "नकली असती तर अख्खी पेटी नकली असती, आणि बेकरीवाला आज भट्टीसमोर उभा नसता. हे खरं औषध आहे. पण ते गोठलंय. गोठून पुन्हा वितळलं की त्यात असे कण राहतात आणि औषधाचा जीव जातो."

"म्हणजे तिच्याच फ्रिजमध्ये गोठलं!" केमिस्ट म्हणाला.

"तिथला काटा शून्यापर्यंत कधी उतरलेलाच नाही. टेम्पोतही गोठलं नाही, नाहीतर सगळ्याच बाटल्या गेल्या असत्या. तेव्हा ही बाटली दुकानातून बाहेर पडल्यावर गोठली. आता सांगा, काकांच्या घरी बर्फ कुठून येणार? आजींच्या खोलीत तर बाटलीही नव्हती आणि सुईही नव्हती. दोघांनीही मातीचं भांडं नको म्हटलं. म्हणाले, आमची सोय आहे. काका, तुमची बाटली कुठे असायची?"

सायकलवाले काका गोंधळले. "कुठे म्हणजे? इथेच. डॉक्टरांच्या फ्रिजमध्ये. आजींचीही. हॉस्पिटलवाल्यांनी मागितली तेव्हा इथूनच तर माणूस पाठवून आणवली. मला कोणी विचारलंच नाही."

केमिस्टने मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं.

"गावभर सगळे म्हणत होते, नकली आहे, पाणी आहे," बाई डॉक्टरांकडे वळल्या. "'गोठलं' हा शब्द फक्त तुम्ही वापरलात. मी तुम्हाला बाटली दाखवलीही नव्हती. आजी दोन दिवस आल्या नाहीत म्हणालात. म्हणजे त्या रोज येत होत्या."

"चुकून झालं," डॉक्टर पुटपुटले. "बर्फाच्या कप्प्याला टेकली असेल."

"एकदा चुकून होईल. पण काका फार गळून गेले की तुम्ही वेगळी सुई देत होता, आणि ते तासाभरात टवटवीत होत होते. कोणती बाटली मेलेली आणि कोणती जिवंत, हे तुम्हाला नेमकं माहीत होतं. तरी रोज तुम्ही मेलेलीच वापरलीत."

कंडक्टरांना वाटलं, आता डॉक्टर चिडतील. पण ते बाकावर, पेशंटच्या जागेवर बसले.

"पहिल्यांदा खरंच चुकून झालं," ते म्हणाले. "त्या दिवशी हा सायकलवाला फार थकला होता. म्हणून इथेच थांबला, दुपारपर्यंत. आम्ही बोलत बसलो. दुसऱ्या दिवशीही आला तसाच थांबला. नवी बाटली आली तेव्हा मी... ती मीच बर्फाच्या कप्प्यात ठेवली. पण लक्ष ठेवून होतो. कोणाला काही होऊ दिलं नसतं. साखर फार चढली की चांगलं औषध देत होतो. आजीलाही दिलं असतं. तिने यायला हवं होतं. नुसता निरोप पाठवला असता तरी धावत गेलो असतो."

"त्या म्हणाल्या, डॉक्टरांना कशाला त्रास," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

औषधवाली रडत होती. "आणि माझ्यावर आळ आला तेव्हा तुम्ही गप्प बसलात. लोक पुन्हा एक दिवसाआड औषध घ्यायला लागले असते, डॉक्टर. किती जण गेले असते!"

डॉक्टरांनी तोंडावरचे हात काढले नाहीत.

सायकलवाले काका हळूहळू बाकाचा आधार घेऊन उठले आणि डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"सुईशिवायही आलो असतो हो मी," ते म्हणाले. "नुसतं ये म्हणाला असता तरी."

ठाण्यातून माणसं आली. डॉक्टरांनी कोट घातला, दिवे मालवले आणि मुकाट्याने त्यांच्याबरोबर गेले. सभा झाली, पण कुलपाचा विषय निघालाच नाही. औषधवालीने दुसऱ्या दिवसापासून सकाळी काकांकडे जाऊन सुई द्यायचं कबूल केलं. केमिस्ट सटकला.

बाई आणि कंडक्टर पायी परतले. वाटेत कंडक्टर एकदाच बोलले. "मला आवडला होता हो तो माणूस."

"मलाही," बाई म्हणाल्या.

घराशी आल्यावर बाई आपल्या खोलीत गेल्या. कंडक्टर जिना चढून वर गेले. कुलूप काढलं, दार ढकललं. आत अंधार होता, सकाळचं सगळं जिथल्या तिथे होतं. ते उंबऱ्यात थोडा वेळ उभे राहिले. मग दार ओढून घेऊन तसेच खाली उतरले आणि बाईंचं दार वाजवलं.

"काय झालं? काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," कंडक्टर म्हणाले. "काम काही नाही."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून बाजूला ठेवली. या वेळी कंडक्टर बसले.