बंद कुलपाची चावी

प्रेसखाली हात गेला तो खुद्द मॅनेजर साहेबांचा, आणि तोही पाहुण्यांच्या देखत.

माल घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस आले की साहेब हा खेळ हमखास करून दाखवायचे. पत्रे दाबणारी ती अवाढव्य प्रेस चालू करायची, डावी बाही वर सारायची आणि हात सरळ आत घालायचा. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आडवा आला की मशीन जागच्या जागी थांबतं. पाहुणे टाळ्या वाजवायचे. आज मशीन थांबलं नाही.

सुरक्षा खात्याच्या निरीक्षक बाई पोचल्या तेव्हा साहेबांना दवाखान्यात हलवलं होतं आणि फौजदारांनी वायरमनला धारेवर धरलं होतं. त्या बिचाऱ्याच्या पाचावर धारण बसली होती. उत्पादन अडू नये म्हणून एरवी मशीनच्या विजेच्या पेटीत, म्हणजे पॅनेलमध्ये, तारेचा तुकडा लावून तो पडदा आंधळाच ठेवलेला असे. तपासणीच्या सकाळी तेवढी तार निघे आणि पाहुणे गेले की पुन्हा लागे. तार कुठे लावतात हे प्रेसवरच्या सगळ्या कामगारांना पाठ होतं. ऐकूनच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक पॅनेलकडे वळल्या. दाराला वायरमनचं लाल कुलूप होतं, आणि ते उघडल्यावर आत तार जागेवर होती.

“कुलूप लावल्यावर चावी कुणाला दिली होती?”

“कुणालाच नाही, बाई. कमरेलाच होती. तार काढली, मशीन थांबतंय ते पाहिलं आणि मग कुलूप लावलं.”

“मग तार आत आली कशी?”

“तेच कळत नाहीये.”

फौजदारांच्या मते कळायचं काही उरलंच नव्हतं. कुलूप याचं, चावी याची. ते त्याला गाडीत बसवायला निघाले, तेव्हा बाईंनी थोडा वेळ मागून घेतला. निरपराध माणूस तुरुंगात गेला तर ही तार उद्या दुसऱ्या कुणाच्या हातानं लागेल, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तारेच्या टोकांना लाल चिकटपट्टी होती. वायरमनच्या खिशात निघाली ती काळी. पॅनेलचे सगळे स्क्रू राखाडी रंगाखाली बुजलेले होते, पण कुलपाच्या कडीच्या स्क्रूंचा तेवढा रंग खरवडलेला होता. बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. तो शोधायला वायरमनच्या कपाटातला मोडक्यातोडक्या सामानाचा डबा धुंडाळताना त्यांच्या हाती एक जुनी कडी लागली. तिच्यात एक लाल कुलूप बंदच लटकत होतं. हे काय, म्हणून विचारलं तर वायरमन दुसरीकडे बघत म्हणाला, चावी नाही म्हणून पडलंय.

प्रेसच्या बरोब्बर समोर तयार माल तपासणाऱ्या मावशींचं टेबल होतं. त्यांचा मुलगा इथेच फिटर होता. मागच्या वर्षी दुरुस्तीसाठी तो याच प्रेसमध्ये शिरला आणि मशीन चालू झालं; त्यात तो दगावला. पॅनेलला कुलूप न लावताच तो आत गेला, असा अहवाल साहेबांनी दिला. वर मेहेरबानी म्हणून आईला नोकरी दिली. आज सगळे पाहुण्यांच्या स्वागताला फाटकावर गेले होते. नमुने मांडायचे म्हणून मावशी एकट्याच मागे राहिल्या होत्या.

टेबलावर नापास मालाला लावायच्या लाल चिकटपट्टीचं रीळ होतं. बाई तो डबा घेऊनच समोर स्टूल ओढून बसल्या.

“मावशी, इथं आल्यावर पहिल्या दिवशी काय शिकवलं तुम्हाला?”

“सगळ्यांना शिकवतात तेच. मशीनमध्ये शिरायचं तर आधी ते बंद करायचं, कुणी चालू करू नये म्हणून पॅनेलला आपलं कुलूप आणि चावी आपल्या खिशात. ही कुलपं वेगळी असतात. बंद केल्याशिवाय त्यातून चावी निघतच नाही.”

“आणि मुलाच्या खिशात काय सापडलं होतं?”

मावशींनी हातातला पत्रा खाली ठेवला. “चावी,” त्या म्हणाल्या.

बाईंनी फौजदारांना आणि वायरमनला जवळ बोलावलं. “कुलूप कुणीच उघडलं नाही,” त्या म्हणाल्या. “कडी बाहेरच्या स्क्रूंवर बसवलीय. असं मुळात असता कामा नये. मावशींनी कडीच खोलली, तार लावली आणि कडी परत बसवली. कुलूप बंदच्या बंद. पण ही युक्ती त्यांची नव्हे. डब्यातली ती कडी बघा, बंद कुलपासकट काढलेली. मागच्या वर्षी आत माणूस असताना हेच कुणीतरी केलं.”

वायरमननं डब्यातल्या कडीकडे बोट दाखवलं. “ही साहेबांनी खोलली आणि मशीन चालू केलं. माल वेळेत द्यायचा होता, आत कुणी नसेल म्हणाले. मी बघितलं होतं. नोकरीच्या भीतीनं जबाबात कुलूप नव्हतं म्हणून सांगितलं.”

“म्हणून तुझं कुलूप असताना केलं,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही. “तू खरं बोलत असताना तुझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, तेव्हा काय होतं, हे तुला कळायला हवं होतं. माझ्या लेकाला तर बोलताही आलं नाही.”

त्यांनी गळ्यातल्या दोऱ्यातून चावी काढली आणि डब्यातल्या कुलपाला लावली. ते पहिल्याच फेऱ्यात उघडलं.

बाईंनी वही उघडली. जे घडलं ते लिहिणं भाग होतं, आणि तसं त्यांनी सांगितलं.

“लिहा की. फक्त दोन्ही लिहा.”

फौजदारांनी वायरमनचा हात सोडला. साहेबांचा जबाब घ्यायला त्यांना आता दवाखान्यात जायचं होतं. साहेब वाचले ते नशीबच, असं ते जाता जाता पुटपुटले.

“नशीब कसलं,” मावशी म्हणाल्या. “ते दर वेळी डावाच हात घालतात. उजवा मी सहीसाठी ठेवलाय.”