खिडकीतली कवटी

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी डॉक्टर मालन शेट्ये कवटी घेऊन बसायच्या. नर्सा हसायच्या, हसोत बापड्या. विद्यार्थीदशेपासूनची ती कवटी त्यांच्या खोलीच्या खिडकीत, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असे.

या खेपेला मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. जयगडचा खलाशी फारुक. बोटीवरची जड कप्पी उजव्या डोळ्यावर बसली होती. डोळ्याखालचं हाड फुटून त्या फटीत स्नायू अडकलेला. डावा डोळा तर लहानपणीच देवीत गेला होता. म्हणजे हात जरा चुकला, की माणूस कायमचा अंधारात.

त्यांनी कवटीच्या उजव्या खोबणीत करंगळी घातली. तळाचं हाड कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ. खोबण आत निमुळती होत जाते आणि टोकाशी दृष्टीची नस. तिथवर जायचं नाही, त्यांनी बोटाला बजावलं.

शेजारच्या वॉर्डात फारुक ओरडला.

त्या धावत गेल्या. "काय झालं?"

"डोळ्यात कोणीतरी बोट घातलान, डॉक्टरबाय!"

"सूज आहे, असं वाटतं कधी कधी," म्हणून त्यांनी गोळी दिली. खोलीत परतल्यावर हात मात्र धुतले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन झकास झालं. स्नायू सुटला, फटीवर जाळी बसली, नस शाबूत राहिली. फारुकच्या बायकोला, रहिमाला हे सांगताना मालनताईंचेच डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी रहिमा दबकत खोलीत आली. "ह्यांना दिसतंय, डॉक्टरबाय."

"पट्टी काढलीत?"

"नाय ओ, पट्टी तशीच हाय. डाव्या डोळ्यान दिसतंय म्हणतात. खाडीत होडी चाललीय म्हणतात. लय खुशीत हायत."

वॉर्डाच्या खिडकीसमोर चिऱ्यांचा उंच गडगा भिंतीसारखा आडवा होता. खाडी दिसायची ती फक्त या खोलीतून.

रहिमा गेल्यावर मालनताईंनी बाहेर पाहिलं. एक होडी पलीकडे निघाली होती.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वाकून त्यांनी कवटीच्या डाव्या खोबणीसमोर चेहरा नेला.

भिंतीपलीकडून फारुकचा आवाज आला. "डॉक्टरबाय, एवढ्या जवळून काय बघता ओ?"

त्यांनी कवटी उचलली. कपाटात ठेवली. दार लावलं.

"रहिमा," पलीकडे फारुक विचारत होता, "एवढ्यात रात कशी झाली गो?"