लेखकाच्या नावाची ओळ

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे. माझा मावसभाऊ निरंजन याच्याच बाबतीत. त्याने मला शपथेवर सांगितलं, आणि तो ऊठसूट शपथा घेणाऱ्यांतला नाही.

तारीख गेल्या वर्षीची सोळा मे. ठिकाण बुऱ्हाणपूर, शनवारा भागात एका कापडाच्या दुकानावरचं ऑफिस.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे अडीच.

ऑफिसचं काम तापीच्या पुराचं. नदीला किती पाणी आलं तर कुठल्या गावाच्या केळीत किती शिरेल, हे कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी फोर्ट्रान नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेली एक लायब्ररी होती. म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार गणितांचा एक गठ्ठा.

तो गठ्ठा भूपेंद्रने लिहिला होता.

भूपेंद्र दापोऱ्याचा, केळीवाल्यांच्या घरातला. ऑफिसात निरंजनच्या चार वर्षं मागून आला आणि वर्षभरात पुढे निघून गेला. निरंजन मनाने वाईट नाही, पण हेवा त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलाय. माझ्या नव्या सायकलीवरून तो महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. इथे तर रोज समोरच्या टेबलावर भूपेंद्र. ऑफिसच्या साहेब वैजयंती मॅडम काही अडलं की त्यालाच विचारणार. इंदूरच्या मोठ्या ऑफिसची माणसं फोन करणार तीही त्यालाच.

त्यातून भूपेंद्रची एक सवय.

लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालेल असा करून देतो तो कंपायलर. त्या कामाला बिल्ड म्हणतात. बिल्ड नीट झालं आणि उत्तरं बरोबर आली की भूपेंद्र पाण्याच्या स्टीलच्या ग्लासावर नखाने वाजवायचा.

टिण...

निरंजनच्या डोक्यात जायचा तो आवाज.

मग फेब्रुवारीत निंबोल्याच्या रस्त्यावर भूपेंद्रची मोटारसायकल घसरली. जागीच गेला. बत्तीस वर्षांचा होता. तेरवीला सगळे त्याच्या हुशारीबद्दलच बोलत होते. निरंजन मला नंतर म्हणाला, "खरं सांगू? तिथे खाली मान घालून बसलो होतो, तरी जळतच होतो मी."

मेलेल्या माणसाचाही हेवा. काय म्हणावं याला.

मे महिन्यात मॅडमनी सांगितलं, लायब्ररी इंदूरच्या मोठ्या मशीनवर चढवायची आहे. तिथला कंपायलर वेगळा. जो ती चालवून दाखवेल, तो तिकडच्या कामाचा प्रमुख. अकरा वर्षांत पहिल्यांदा निरंजनच्या नावाचं काही होणार होतं.

त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल?

फाइलीच्या डोक्यावर लेखकाच्या नावाची ओळ असते. तिथलं भूपेंद्रचं नाव काढलं आणि आपलं घातलं.

ही ओळ म्हणजे नुसती टीप, माणसांसाठी लिहिलेली. कंपायलर ती वाचतच नाही, ओलांडून पुढे जातो. त्यामुळे निरंजनला वाटलं, कुठे काय बिघडतंय.

ऑफिसच्या कंपायलरने बिल्ड झालं. तीसही गावांच्या पुराची पातळी बरोबर आली.

मग इंदूरचा कंपायलर लावला...

एकोणतीस गावं बरोबर. एका गावापुढे आकडाच नाही. नुसतं 'नॅन'. म्हणजे, ही संख्याच नाही.

ते गाव दापोरा, भूपेंद्रचं.

आता असं होतं. एक कंपायलर जे खपवून घेतो, ते दुसरा घेत नाही. निरंजन या कामात कच्चा नाही. वेग वाढवणारे पर्याय त्याने बंद केले. किंमत न दिलेल्या जागी शून्य भरलं. एक कंपायलर प्रोग्राममधल्या गणितांच्या नावांपुढे अंडरस्कोअर, म्हणजे खालची रेघ, जोडतो, दुसरा जोडत नाही, तेही तपासलं. तीन दिवस डोकं आपटलं.

दापोरा येईना.

सोळा तारखेला पाच वाजता इंदूरची माणसं ऑनलाइन बघणार होती. मॅडम जेवायला घरी गेल्या होत्या. अडीचला लाइट गेली. कूलर घरघरून थांबला. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तेवढाच चालू.

निरंजनने हात टेकले. भूपेंद्रने ठेवलेली मूळ फाइल काढली, काहीही न बदलता, आणि इंदूरच्याच कंपायलरने बिल्ड लावलं.

तीसच्या तीस गावं आली.

आणि मागून...

टिण.

त्याने वळून पाहिलं. भूपेंद्रचं टेबल रिकामं. ग्लास नव्हताच तिथे. मार्चमध्ये भूपेंद्रची बायको प्रतिभा त्याचं सामान घेऊन गेली, तेव्हा ग्लास निरंजननेच पिशवीत घातला होता.

त्याने आपल्या सगळ्या दुरुस्त्या काढून टाकल्या. दोन्ही फाइली शेजारी लावून मशीनकडून तपासल्या. फरक एकाच ओळीचा. नावाच्या.

स्वतःचं नाव असलेली फाइल, जुनं सगळं पुसून, नव्याने बिल्ड केली.

नॅन. आणि शांतता.

त्यात भूपेंद्रचं नाव टाकलं.

टिण...

मग दोघांची नावं टाकली. आधी भूपेंद्रचं, खाली बारीकसं आपलं.

नॅन.

तेवढ्यात झाडलोट आणि चहाचं बघणाऱ्या मालूबाई जिना चढून वर आल्या. दारातच थांबल्या.

"निरंजनभाऊ, गिलास कोण वाजवून राह्यलं?"

"कोणी नाही, मालूबाई."

"असं कसं? मी खालून ऐकला ना. भूपेंदरभाऊ वाजवायचा, तसाच."

निरंजन स्क्रीनकडे वळला. त्याने आपलं नाव पुसलं.

पाच वाजता लायब्ररी चालली. इंदूरची माणसं खूश. दोन्ही कंपायलरवर इतकं नेटकं काम त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. मग मॅडमनी भूपेंद्र गेल्याचं सांगितलं आणि सगळे दोन मिनिटं उभे राहिले. निरंजनही.

प्रमुखपद मात्र त्यालाच मिळालं. जूनमध्ये तो इंदूरला गेला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

दिवाळीनंतर त्याने एक नवीन प्रोग्राम लिहायला घेतला. विहिरींच्या पाण्याचा. तापी नाही, दापोरा नाही, भूपेंद्रची एक ओळही नाही. पहिल्या अक्षरापासून त्याचा स्वतःचा. वर स्वतःचं नाव.

तिथल्या मशीनवर दोन कंपायलर. एकावर चालला.

दुसऱ्यावर...

नॅन.

दोन दिवस त्याने दम धरला. तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, माणसांनी भरलेल्या ऑफिसात, त्याने वरच्या ओळीत आपलं नाव खोडून भूपेंद्रचं लिहिलं.

उत्तरं आली. आवाजही आला. त्या ऑफिसात सगळे प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी पितात.

आजपर्यंत त्याने सात प्रोग्राम लिहिलेत. सातही भूपेंद्रच्या नावावर. नवीन पोरं त्याला विचारतात, "सर, ये भूपेंद्र कौन है? क्या लिखता है यार." आणि तो सांगतो, आमच्या गावाकडचा होता.

मी विचारलं, भीती वाटते का रे अजून?

"भीती गेली," तो म्हणाला. "जळणं नाही गेलं."

मग म्हणाला,

"आता काम झालं की मी त्या आवाजाची वाट बघतो. तो आला की बरं वाटतं मला. तेच सहन होत नाही."