ओली पोती

हसनाबादच्या फाट्यावर व्हॅनमधले पंखे बंद पडले आणि मीनानं कचकन ब्रेक दाबला. मागं ट्रेमध्ये रेशमाच्या इवल्या इवल्या अळ्या होत्या, पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्यांसाठी तिनं वाढवलेल्या. एप्रिलचं ऊन... अर्धा तास वारा लागला नाही तर सगळ्या जाणार. मागच्या खेपेला निम्म्या गेल्या होत्या. आता पुन्हा तेच झालं, तर तिच्या अळ्या वाढवायच्या केंद्राकडं कुणी फिरकणार नव्हतं.

समोरच बॅटरीचं दुकान होतं. दुकानदार श्रेणिक, तिशीच्या आतलाच, तिचं पुरतं ऐकूनही न घेता व्हॅनच्या टपावर चढला.

"सोलर पॅनलवर ही ओली पोती कोणी टाकली?"

"मीच. अळ्यांना गार वाटावं म्हणून."

"म्याडम, पॅनलला पांघरूण घातलं, तर बॅटरीनं खायचं काय? उपाशी मारली की तिला."

पोती काढून त्यानं बॅटरीची बुचं उघडली. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या.

"पाणी कधी घातल्तं?"

"...घालावं लागतं?"

श्रेणिकनं कपाळाला हात लावला. डिस्टिल्ड वॉटर ओतत म्हणाला, "ही दोन दिवस ऊन खाईल, तेव्हा कुठं उठंल." मग दुकानातली चार्ज केलेली बॅटरी आणून जोडली. पंखे फिरले. "चला, मी पण येतो. ही तात्पुरती जोडणी हलली, तर खेळ खलास."

रस्ताभर तो तारा हातानं दाबून बसला. मीना आरशातून अळ्यांकडं बघायची, आणि नजर उगाच त्याच्यावर जायची...

"आमच्या घरी रेशीम चालत न्हाई," तो हळूच म्हणाला. "जैन आहोत आम्ही. कोष उकळत्या पाण्यात टाकतात ना..."

तिनं आरशातून नजर काढून घेतली. "मंग हात कशाला लावला?"

"अजून जित्या हायेत म्हणून."

पिंपळगावात तिनं ट्रेमध्ये तुतीचा पाला टाकला. काहीच हलेना. आणि मग एका अळीनं मान उचलली, दुसरीनं उचलली... मीनाला रडूच फुटलं. डोळे पुसून वळली, तर श्रेणिक अळ्यांकडं नाही, तिच्याकडंच बघत होता.

पुढच्या दोन खेपांना ती फाट्यावर थांबली. तो बॅटरीत पाणी घालायचा, पॅनल पुसायचा, पोत्यांवरून चिडवायचा. रेशमाचं नाव मात्र दोघंही काढत नव्हते.

तिसऱ्या खेपेला दुकानाला कुलूप. चौथ्या खेपेलाही. संपलं सगळं, असं तिला वाटलं. अळ्यांचं काम सोडून द्यावं का, असंही मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. ती गाडी काढणार, तेवढ्यात मोटारसायकल आडवी लागली.

"आईकडं जालन्याला गेल्तो," श्रेणिक धापा टाकत म्हणाला. "सांगितलं तिला... मला आवडलेली पोरगी रेशमाचं काम करती, आणि ते ती सोडणार न्हाई."

"मंग?" तिनं इंजिन बंद केलं.

"आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी. आज सकाळी एवढंच म्हणाली... लग्नात सुती नेसंल का, विचार तिला."

मीना गाडीतून उतरली.

"सुतीच काय, पोतंसुद्धा नेसीन. पण बॅटरीत पाणी तुम्हीच घालायचं... जन्मभर," ती म्हणाली, आणि पंखे चालू आहेत का ते बघायला लगबगीनं मागं गेली.