फळीखालची टकटक

तळ्यावरच्या संध्याकाळच्या फेरीला नवखी माणसंच यायची. फळीवर उभं राहून वल्हवायचं. पडलंच कुणी तर अंगात जाकीट असे, घोट्याला पट्टा. फेरी नेणारा तोगार सगळ्यांना एकच सांगे, "घाबरू नका, हे तळं कुणाला गिळत नाही."

त्या दिवशी मेदान शहरातून आलेल्या चार पाहुण्यांच्या मागे रोंडांग उभी होती. पार्लिन बुडून सहा वर्षं झाली, तरी गाव तिला पार्लिनची इनांग, पार्लिनची आई, म्हणूनच हाक मारी.

तोगारचा चेहरा उतरला. "इनांग, तुम्ही? तुम्हाला पोहता येत नाही."

"नवख्यांसाठीच आहे ना? मग मीही नवखीच. माझं पोरगं कुठं गेलं, तेवढं दाखव."

पाहुण्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना.

तोगार आणि पार्लिन एकाच होडीतून जाळं टाकायला जात. सहा वर्षांपूर्वी वादळात होडी उलटली आणि तोगार एकटाच परतला. "एका क्षणात तळाशी गेला, इनांग," असं त्याने दारात उभं राहून सांगितलं होतं. तिने त्याच्या ओल्या अंगावर पार्लिनचीच चादर घातली होती. प्रेत काही मिळालं नाही.

रोंडांग गुडघ्यांवर बसूनच वल्हवत राहिली. कड्यांची सावली पाण्यावर पसरत आली. शेवाळाचा कुजका वास सुटला होता. पाहुणे खिदळत किनाऱ्याकडे वळले, तेव्हा तळ्याच्या मध्यावर तोगार थांबला.

"इथंच," तो पुटपुटला.

ती फळीवर पालथी झाली. कान टेकवला. पाण्याची बारीक चुळबुळ, आणि मग... टक्. टक् टक्.

"तोगार... खालून कोण वाजवतंय?"

आवाज तिच्या फळीखालून नव्हता. त्याच्या फळीखालून होता.

"तुम्हालाही ऐकू येतं?" त्याने वल्हं फळीवर आडवं ठेवलं. "होडी उलटली तेव्हा मी वर चढून बसलो, इनांग. तो आत अडकला होता. आतून लाकूड ठोकत होता..."

"किती वेळ?"

"वादळ ओसरेपर्यंत."

"आणि तू?"

"बसून राहिलो."

ती गुडघ्यांवर उठून बसली. मग म्हणाली, "फळी बदल."

धडपडत दोघांनी फळ्या बदलल्या. तिने कान लावला. शांत. टकटक त्याच्यामागोमाग सरकली होती. तिने मुठीने फळी बडवली. "पार्लिन! मी आलेय रे... आई!"

पाणी हललंसुद्धा नाही. पलीकडे मात्र, टक् टक्.

"सहा वर्षं तुझ्याशी बोलतोय तो," ती म्हणाली. "आणि मी घरात भांडं पडलं तरी दार उघडायला धावतेय."

किनाऱ्यावर आल्यावर तोगारने फळ्या गवतावर टाकल्या आणि मान खाली घालून डांबरी चढाला लागला. रोंडांग मागून निघाली. दहा पावलांवर ती थबकली. आवाज आता रस्त्याखालून येत होता, त्याच्या प्रत्येक पावलाखालून. तो जिथून पुढे गेला होता, तिथं ती गुडघे टेकून वाकली. दिवसभर उन्हाने तापलेलं डांबर तिच्या कानाला चिकटलं. खाली काहीच नव्हतं.

वळणावर तोगार पळायला लागला.

तसं खालचंही पळायला लागलं.